बत्तीस सेकंदांची फाईल आणि नमपाय

पायथन थोडेफार येऊ लागले की विद्यार्थी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीकडे वळतात आणि पहिल्याच आठवड्यात फंक्शनांची यादी पाठ करायला बसतात. ही यादी शेकड्यांत जाते आणि पाठ केलेले टिकत नाही. माझ्या मते आधी समजून घ्यायला हवे ते दुसरेच: आकडे मेमरीत कसे बसतात आणि त्यांना आकार कसा मिळतो. एवढे नीट कळले की फंक्शन हवे तेव्हा शोधता येते. आणि हे कळण्यासाठी पुस्तकातली एक ते दहा आकड्यांची उदाहरणे अपुरी पडतात. खरी माहिती घ्यावी.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. वॉशिंग्टन राज्यातले हॅनफर्ड आणि लुइझियानातले लिव्हिंग्स्टन ही तिची दोन केंद्रे. त्या क्षणाच्या आजूबाजूच्या ३२ सेकंदांची नोंद सर्वांसाठी मोफत खुली आहे. तिच्या एका आवृत्तीत दर सेकंदाला ४०९६ नोंदी आहेत, म्हणजे एका केंद्राचे १,३१,०७२ आकडे.

हे आकडे पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवले तर काय होते? लिस्टमध्ये आकडे नसतातच, त्यांचे पत्ते असतात. नेहमीच्या ६४-बिट संगणकावर प्रत्येक पत्ता ८ बाइटचा, आणि त्या पत्त्यावर बसलेला प्रत्येक दशांश आकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून आणखी २४ बाइटचा. बेरीज ३२ बाइट, एकूण ४ एमबी. नमपायच्या ॲरेमध्ये तेच आकडे प्रत्येकी ८ बाइट घेत एकमेकांना खेटून बसतात आणि सगळा ऐवज १ एमबीत मावतो.

पण जागेपेक्षा वेळेचा फरक मोठा. लिस्टवर फॉर लूप फिरवला की पायथन प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारतो: हा कोणत्या प्रकारचा आहे, याचा गुणाकार कसा करायचा? लाखभर आकडे असतील तर लाखभर वेळा हीच चौकशी. ॲरेतले सगळे आकडे एकाच प्रकारचे असल्यामुळे ती एकदाच करावी लागते, मग सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला लूप सरळ धावत सुटतो. म्हणून नमपायमध्ये आपण अख्ख्या ॲरेला दोनने गुणा असे एका ओळीत सांगतो. लूप नाहीसा झालेला नाही, तो खालच्या मजल्यावर गेला आहे.

‘एकाच प्रकारचे’ हा मुद्दा जपून हाताळावा लागतो. त्या प्रकाराला डीटाइप म्हणतात. शोध लागलेल्या लहरीने अवकाशात केलेला ताण साधारण दशांश चिन्हानंतर वीस शून्ये आणि मग १ इतका होता. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत त्याने पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान भरतो. जागा वाचवायची म्हणून अशा आकड्यांना फ्लोट१६ हा छोटा प्रकार दिला तर प्रत्येक आकड्याचे थेट शून्य होते. फ्लोट३२ मध्ये तो टिकतो, पण त्याचा वर्ग केला की तो त्या प्रकाराच्या नेहमीच्या मर्यादेखाली जातो आणि त्याची बहुतेक अचूकता गळून पडते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, उत्तर निमूटपणे बिघडते. म्हणून ॲरे हाती आला की सर्वांत आधी त्याचा डीटाइप छापून पाहावा. इथे तो फ्लोट६४ आहे आणि तोच राहू द्यावा.

आता आकार. १,३१,०७२ आकड्यांची ही एक लांब रांग. तिला रिशेप करून ३२ ओळी आणि ४०९६ स्तंभ असा आकार देता येतो, म्हणजे प्रत्येक ओळ एका सेकंदाची. गंमत अशी की यात मेमरीतला एकही आकडा जागचा हलत नाही. नमपाय फक्त एक टिपण बदलतो: पुढच्या स्तंभात जायला ८ बाइट पुढे, पुढच्या ओळीत जायला ३२,७६८ बाइट पुढे. या पावलांना स्ट्राइड म्हणतात. ओळी-स्तंभांची अदलाबदल केली तर या दोन पावलांची अदलाबदल होते, बाकी काही नाही. नमपायमधल्या बहुतेक कोड्यांची उत्तरे या टिपणात सापडतात, म्हणून इथे सावकाश थांबावे, कागदावर लहानसा ३ बाय ४ चा ॲरे काढून पावले मोजावीत.

पुढचा प्रश्न प्रत्येक सेकंदाच्या सरासरीचा. सरासरी काढताना ॲक्सिस सांगावा लागतो आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. नियम साधा आहे: जो ॲक्सिस सांगाल तो उत्तरातून जातो. इथे ॲक्सिस १ (स्तंभांचा) म्हटले की ४०९६ जातात आणि ३२ उरतात, दर सेकंदाला एक सरासरी.

ही सरासरी त्या त्या सेकंदाच्या नोंदींतून वजा करायची आहे. थेट वजाबाकी केली तर नमपाय नकार देतो. तो दोन्ही आकार उजवीकडून जुळवून पाहतो: एकीकडे शेवटी ४०९६, दुसरीकडे ३२. दोन आकडे सारखे हवेत किंवा त्यांतला एक १ हवा. सरासरीचा आकार ३२ बाय १ असा ठेवला की तो १ पसरून ४०९६ ला पुरतो आणि वजाबाकी होते. हेच ब्रॉडकास्टिंग. सरासरी काढतानाच कीपडिम्स चालू ठेवले तर हा आकार आपोआप मिळतो. नकार मिळाला तर नशीबच समजावे, कारण ॲरे चौरस असता, समजा ३२ बाय ३२, तर तीच चुकीची वजाबाकी बिनबोभाट पार पडली असती.

लहर फाईलच्या साधारण मध्यावर आहे आणि ती जेमतेम ०.२ सेकंदाची, म्हणजे सुमारे ८१९ आकड्यांची. तेवढा तुकडा स्लाइसने कापून घेता येतो. मात्र हा तुकडा वेगळी प्रत नसते, मूळ मेमरीवर उघडलेला तो एक झरोका असतो. तुकड्यात शून्य भरले तर मूळ नोंदीतही शून्य भरले जाते. स्वतंत्र तुकडा हवा असेल तर कॉपी असे स्पष्ट सांगावे. याउलट अट घालून निवडलेले आकडे, उदाहरणार्थ शून्यापेक्षा मोठे तेवढेच, नेहमी नवी प्रत म्हणून येतात.

कच्च्या नोंदीत लहर डोळ्यांना दिसत नाही, कमी वारंवारतेचा गोंगाट तिच्याहून कितीतरी मोठा आहे. तो सायपाय या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीतल्या गाळण्यांनी दूर करावा लागतो. तो गेला की नमपायचे काम पुन्हा सोपे होते. लहर लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंद उशिरा पोहोचली, म्हणून हॅनफर्डचा तुकडा सुमारे २८ आकडे सरकवायचा. दोन्ही केंद्रांच्या भुजांची दिशा वेगळी असल्यामुळे त्याला उणे एकने गुणायचे. दोन रेषा एकमेकींवर बसतात. एक स्लाइस आणि एक गुणाकार, एवढ्यावर गुरुत्वीय लहरींचे शतकभर जुने भाकीत पडद्यावर दिसते आणि ते पाहताना मला आजही मनापासून आनंद होतो.

नमपाय हे साधन फुकट मिळते त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी त्याचे पूर्वरूप न्यूमेरिक लिहिले, पुढे अवकाश दुर्बिणींच्या माहितीसाठी न्यूमअरे आले आणि वापरणारे दोन गटांत विभागले गेले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्हींचा मेळ घालून नमपाय उभे केले. त्याची १.० आवृत्ती २००६ ची.

लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या नोंदी वाचायला माणसे लागतील. २०१५ ची फाईल मात्र आजच उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. ती उतरवून घ्या, डीटाइप पाहा, आकार पाहा आणि ३२ ओळींत मांडून बघा.