४० टक्के आणि ४५ वर्षे

मुंबईत १९५९ साली अपंगांसाठी स्वतंत्र सेवायोजन कार्यालय सुरू झाले, तेव्हा अंधाने वेताच्या खुर्च्या विणाव्यात, फार तर टेलिफोनच्या बोर्डावर बसावे, यापलीकडे लोकांची कल्पना जात नसे. अशा काळात केवळ दयेस पात्र मानल्या गेलेल्या माणसाचे नाव सरकारदफ्तरी उमेदवार म्हणून नोंदले जावे, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. पुढे १९७७ साली केंद्र सरकारने क आणि ड वर्गांच्या पदांत ३ टक्के जागा राखल्या, १९९५ च्या कायद्याने त्या तजविजीला वैधानिक अधिष्ठान दिले, आणि २०१६ च्या कायद्याने ते प्रमाण ४ टक्क्यांवर नेले.

मात्र या साऱ्या वाटचालीत कायद्याच्या दृष्टीसमोर होता तो शिकूनसवरून नोकरीस निघालेला तरुण. पन्नाशीच्या आसपास अपघाताने वा आजाराने अधू झालेला कर्ता गृहस्थ तिथे क्वचितच आला. तो सरकारी सेवक असेल, तर १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने त्याला अभय दिले होते: झेपेल अशा पदावर त्याच वेतनात घ्यावे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, पण काढू नये, आणि २००३ साली कुणाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची बूज राखली. खाजगी पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते छत्र नव्हते. गुडघा कायमचा आखडला, कचेरी दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढवणार नाही या सबबीवर मला निरोप मिळाला. आकडे लिहिणारा हात मात्र शाबूत होता.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात डॉक्टर गुडघ्याला कोनमापक लावतात, सांधा किती अंश वाकतो ते कारकुनास सांगतात, दोन्ही पायांची लांबी फितीने मोजतात, आणि त्यातून टक्केवारी निघते. ती ४० च्या खाली उतरली तर सवलती नाहीत. माझी उतरली नाही. परंतु तो दाखला घेऊन जाहिराती वाचू लागलो, तेव्हा राज्याच्या सेवेत दिव्यांगांची कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे असल्याचे दिसले, आणि केंद्राची १० वर्षांची सूट २७ च्या मर्यादेला ३७ वर नेऊन थांबत होती. अपंगत्व मान्य झाले होते, पण ते उशिरा आले म्हणून निरुपयोगी ठरले.

मला सर्वाधिक हळहळ वाटते ती सार्वजनिक टेलिफोनच्या टपऱ्या चालवणाऱ्यांची. अपंगांना त्या प्राधान्याने मिळत. कुबड्या भिंतीला टेकवून, मीटरवरचे आकडे पाहून सुटे पैसे मोजत अनेकांनी त्यांवर संसार उभे केले, मुलींची लग्ने केली. मोबाइल आला आणि तो व्यवसाय बघता बघता संपला. पंधरा-वीस वर्षे कष्ट केलेल्या त्या माणसांपाशी ना सेवापुस्तक, ना निवृत्तिवेतन, ना अर्ज करण्याचे वय.

खाजगी मालकांनी ५ टक्के दिव्यांग नेमावेत यासाठी प्रोत्साहनाची भाषा १९९५ मध्ये होती, २०१६ मध्येही तीच राहिली; सक्ती आली नाही. वयाची मर्यादा शिथिल करण्याचा अधिकार मात्र २०१६ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने सरकारच्या हाती दिलेलाच आहे. ज्याला प्रौढपणी अपंगत्व आले त्याची उमेदवारी दाखल्याच्या तारखेपासून मोजावी, एवढे ठरवायला नवा कायदा नको, विधिमंडळाचे अधिवेशन नको. एक अधिसूचना पुरेल, आणि ती निघावी अशी माझी कळकळीची मागणी आहे.