व्हर्बिनाचे गुच्छ का कापायचे?

शाळेच्या बागेत ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी बहुधा असते. पण हिवाळ्यात व्हर्बिनाच्या वाफ्यापाशी माळी स्वतःच कात्रीने सुकलेले गुच्छ कापताना दिसतो. ‘कापले की जास्त फुलते’ हे त्याचे म्हणणे अनुभवाचे आहे. त्यामागचे कारण आपण शोधू या.

बागेतला व्हर्बिना दक्षिण अमेरिकेतील रानजातींच्या संकरातून एकोणिसाव्या शतकात तयार झाला. आपल्याकडे रानोमाळ पसरलेली घाणेरी त्याच्याच कुळातली. दोघींचे गुच्छ शेजारी ठेवले की नाते लगेच ध्यानात येते.

पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. ते अंधारात चांगले रुजते, म्हणून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. माती ओलसर असावी, पण चिखल होऊ देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत रोपे दिसू लागतात. मात्र सगळेच बी उगवत नाही. वाफ्यात दोन रोपांत २५ ते ३० सें.मी. अंतर ठेवावे. दिवसाकाठी सहा तास तरी ऊन मिळावे. दाटी व सावली असेल तर पानांवर भुरी पडते.

रोप ८-१० सें.मी. उंच झाले की शेंडा खुडावा. त्यामुळे पानांच्या बेचक्यांतल्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात आणि रोप फुटते. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक या कळ्यांना रोखते, हे थिमान आणि स्कूग यांनी १९३३ साली दाखवले. शेंडा काढून त्या जागी ऑक्झिन लावले, तर कळ्या दबलेल्याच राहिल्या. पुढे २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. वाढता शेंडा साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर कळ्यांना मिळते, आणि त्यांना जाग येण्याची सुरुवात तिथून होते.

आता गुच्छाकडे वळू. व्हर्बिनाची फुले गुच्छाच्या कडेकडून मध्याकडे उमलतात. पाकळ्या गळतात, पण निदलपुंजाची हिरवी नळी मागे राहते. तिच्यात फळ पिकते आणि त्याचे चार भाग होतात. प्रत्येक भागात एक बी. बी भरताना झाडाची साखर तिकडे जाते. मग नव्या कळ्यांच्या वाट्याला कमी येते.

पण येथे एक पेच आहे. गुच्छ फांदीच्या टोकाला असतो. तो कापला की बियाही जातात आणि शेंडाही. मग जादा फुले नेमकी कशामुळे आली? हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. एकाच रंगाच्या, एकाच वयाच्या रोपांच्या तीन ओळी घ्याव्यात, प्रत्येकीत दहा रोपे. पहिल्या ओळीला हात लावू नये. दुसरीतले सुकलेले गुच्छ खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावेत. तिसरीत गुच्छाचा दांडा तसाच ठेवून फक्त हिरव्या नळ्या नखाने काढाव्यात. पाणी आणि खत सर्वांना सारखेच द्यावे. आठ आठवडे, दर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, उमललेले गुच्छ मोजून तक्ता करावा.

तिसरी ओळ दुसरीइतकी फुलली, तर बियांचा भार हे मुख्य कारण मानता येईल. ती पहिलीसारखीच राहिली, तर कापण्याचे श्रेय शेंड्याला जाईल. दोन्हींच्या मध्ये आली, तर दोन्ही कारणे काम करत असावीत. काही संकरित वाणांना बी फारसे धरत नाही. म्हणून सुरुवातीलाच थोड्या नळ्या उघडून आत बी आहे ना, हे पाहून घ्यावे. उत्तर कोणतेही आले तरी मुलांनी ते स्वतः मोजून मिळवलेले असेल.