पोटभाडेकरू ब्राउझर

श्रोतेहो, समजा तुम्ही मोबाइलवर विजेचं बिल भरायला बसला आहात. अ‍ॅप उघडलं, ‘पैसे भरा’वर बोट टेकवलं, आणि पुढे नुसता पांढरा पडदा! आपण म्हणतो, नेट गेलं. पण बाकीची अ‍ॅप्स तर बिनबोभाट चाललेली असतात. मग अडलं कुठं?

त्याचं असं आहे. पुष्कळ अ‍ॅपांच्या पोटात एक लहानसा ब्राउझर राहत असतो. अँड्रॉइडवर त्याला वेबव्ह्यू म्हणतात. हा पोटभाडेकरूच. पान दाखवतो तो, पण दारावर पाटी नाही. बहुधा पत्त्याची पट्टी नाही की कुलपाचं चिन्ह नाही. घरात चालतं ते अ‍ॅपच्या कर्त्याचं.

आता सुरक्षित जोडणी म्हणजे काय? फोन आणि पलीकडचा संगणक आधी बोलणी करून कुलूप कोणतं लावायचं ते ठरवतात. या कुलपांना टीएलएस म्हणतात. पहिलं, म्हणजे १.०, हे १९९९ सालचं; १.२ हे २००८ चं आणि १.३ हे २०१८ चं. १.० आणि १.१ ही कच्ची ठरल्यामुळे २०२१ मध्ये रीतसर बाद झाली. पलीकडे जुनंच कुलूप असेल, किंवा फोन फार जुना असल्यानं त्याला नवं लावता येत नसेल, तर बोलणी फिसकटतात. नेहमीचा ब्राउझर तसं स्पष्ट सांगतो. पोटभाडेकरू मात्र निरोप अ‍ॅपला देतो. अ‍ॅपनं तो गिळला, की तुमच्यापुढे पांढरा पडदा.

याहून वाईट प्रकार दुसराच आहे. पलीकडच्या संगणकाचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, संशयास्पद निघालं तर वेबव्ह्यू आपण होऊन थांबतो. पण थांबण्यापूर्वी तो अ‍ॅपला विचारतो. कर्त्यानं आळसानं ‘चालू दे’ असं लिहून ठेवलं असेल, तर पान झकास उघडतं, आणि तुमचा पासवर्ड वाटेतल्या तिऱ्हाइताच्या हाती पडू शकतो. तुम्हांला पत्ताही लागत नाही!

म्हणून पडदा पांढरा झाला तर फोनची तारीख तपासा. ब्राउझर आणि वेबव्ह्यू अद्ययावत करा. मग नेहमीच्या ब्राउझरात पत्ता स्वतः लिहून तेच पान उघडून पाहा. त्यानंही नकार दिला, तर त्या वाटेनं पैसे पाठवू नका. बंद दारानं खोळंबा होतो खरा; पण कुलूप लावल्याचा आव आणणारं उघडं दार त्याहून महाग पडतं.