वहीत उतरवून घ्यायचा मंत्र

लेखमाला : ड्रॅगन, जादू आणि आपण (भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावात थांबलो होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला आणि जादूला हिशेब लागला. कोणता मंत्र कोणाला येतो, तो कितीदा वापरता येतो, लाल ड्रॅगन आग ओकतो की वीज, हे सगळं छापील नियमांत बसलं. त्याच प्रेरणेतून पुढे कॉम्प्युटरवरचे ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले, दोन्ही १९८१चे. गेम उत्तम होते, पण ते खेळायला महागडा कॉम्प्युटर हवा, इंग्रजी हवं आणि कागदावर नकाशे काढत बसण्याची चिकाटी हवी. घराघरांतल्या मुलांपर्यंत ड्रॅगन नेला तो जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आणला. आजचा सगळा भाग त्याच्यासाठी राखून ठेवला आहे, कारण माझ्या मते जादू पडद्यावरून उतरून खेळणाऱ्याच्या हातात आली ती इथे.

हा गेम रचणारे युजी होरी मूळचे लेखक, मासिकांतून सदरं लिहिणारे. एनिक्सने भरवलेल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत त्यांच्या टेनिसच्या गेमला बक्षीस मिळालं. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा हा कोवळा मुलगाही झळकला होता. पुढे ड्रॅगन क्वेस्टचं प्रोग्रॅमिंग त्याच्या चमूने केलं. १९८३ साली दोघं सॅन फ्रान्सिस्कोला कॉम्प्युटरच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी विझर्ड्री पाहिला. परतताना होरींच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : हे सगळं, ज्याने आयुष्यात असला गेम पाहिलेला नाही, त्या मुलाला कसं खेळता येईल?

त्यांनी काढलेलं उत्तर गेमच्या पहिल्याच दालनात दिसतं. नायक राजासमोर उभा असतो. दालनाला दार आहे, पण ते बंद. जवळच तीन पेट्या : एकीत १२० सोन्याची नाणी, एकीत मशाल, एकीत किल्ली. पेटीजवळ जाऊन ती उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही, किल्लीशिवाय दार उघडत नाही, दाराबाहेर आलं की जिना दिसतो आणि ‘जिना’ ही आज्ञा निवडल्याशिवाय खाली उतरता येत नाही. पहारेकऱ्यांशी बोललं तर तेही चार युक्तीच्या गोष्टी सांगतात. दालनातून बाहेर पडेपर्यंत मूल या गेमची निम्मी भाषा शिकलेलं असतं आणि आपण काही शिकलो हे त्याच्या गावीही नसतं. शिकवण्याचा इतका चांगला नमुना मला पाठ्यपुस्तकांतही क्वचितच दिसला आहे. किल्ल्याच्या बाहेर आलं की पाण्यापलीकडे शत्रूचा, ड्रॅगनराजाचा, किल्ला लगेच नजरेस पडतो. डोळ्यांसमोर आहे, पण जाता येत नाही. पुढचा सगळा गेम म्हणजे ते अंतर कापणं.

होरींची दुसरी सोय त्याहून मोठी. बोटांची चपळाई नसलेल्या मुलालाही हा गेम जिंकता येतो. मारिओमध्ये उडी चुकली की संपलं. इथे छोट्या राक्षसांशी लढत राहिलं, अनुभव साठवला, की नायकाची लेव्हल वाढते, नवा मंत्र येतो आणि काल ज्याने लोळवलं त्याला आज हरवता येतं. चिकाटी हेच इथे कौशल्य.

पहिला राक्षस म्हणजे स्लाइम. अमेरिकन गेममध्ये हा किळसवाणा, चिकट लगदा असायचा. होरींनी कच्चं चित्र काढलं तेही लगद्याचंच. चित्रकार होते अकिरा तोरियामा. त्यांनी त्याला पाण्याच्या थेंबाचा आकार दिला, मोठे डोळे दिले आणि ओठांवर हसू ठेवलं. लहान मुलाला घाबरवायचं नाही, तरी लढायला लावायचं, हे त्या एका चित्रात साधलं. तोरियामा आपल्याकडे ‘ड्रॅगन बॉल’मुळे ठाऊक आहेत. दोन हजारच्या दशकात कार्टून नेटवर्कवर तो पाहत मोठी झालेली पिढी आज नोकरीधंद्याला लागली आहे. मार्च २०२४मध्ये ते गेले.

आता यंत्राकडे येऊ. अख्खा ड्रॅगन क्वेस्ट ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेला होता. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटोही याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत नकाशा, राक्षस, संवाद, संगीत सगळं कोंबायचं होतं. माणसांची पाठमोरी आणि कडेची चित्रं काढायला जागा उरली नाही, म्हणून सगळी पात्रं कायम समोर तोंड करून खेकड्यासारखी चालतात. तोंड कुठे आहे हेच कळत नसल्यामुळे ‘बोला’ म्हटलं की कोणत्या दिशेला, हेही सांगावं लागतं. काताकाना या जपानी लिपीतली सगळी अक्षरंही भरता आली नाहीत. मोजकी निवडली आणि राक्षसांची नि मंत्रांची नावं तेवढ्यातच बसवली.

या काटकसरीतूनच गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट जन्मली. खेळ कुठवर आला हे साठवून ठेवण्याची सोयच त्या कॅसेटमध्ये नव्हती. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जाणार. म्हणून खेळ थांबवायचा असेल तर राजाकडे परत जायचं. राजा वीस अक्षरांचा मंत्र सांगतो. त्याचं नाव ‘फुक्कात्सु नो जुमोन’, म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. नायक राजासमोर पुन्हा उभा! त्याची लेव्हल, नाणी, हत्यारं, नाव, सगळं शाबूत.

तांत्रिक बाजू अशी : प्रत्येक जागी हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतल्या ६४ अक्षरांपैकी एक येतं, म्हणजे एका अक्षरात सहा बिट माहिती मावते. वीस अक्षरांचे झाले १२० बिट. नायकाचं सगळं आयुष्य तेवढ्यात गुंडाळलेलं असतं. शिवाय मंत्र बरोबर आहे का हे तपासणारा एक आकडाही त्यातच दडलेला असतो. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर तो आकडा जुळत नाही आणि गेम सांगतो, मंत्र चुकला आहे. हिरागानात ‘नु’ आणि ‘मे’ ही अक्षरं आपल्या ‘घ’ आणि ‘ध’सारखी दिसायला जुळी, त्यात टीव्हीचा पडदा धूसर. रात्री घाईघाईत लिहिलेला मंत्र सकाळी चालला नाही म्हणून रडलेल्या मुलांच्या आठवणी त्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक जपानी माणूस सांगतो. दुसऱ्या भागात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला, तेव्हा हे दुःखही वाढलं.

मंत्रातली चूक महागात पडते, हे आपल्या परंपरेने फार आधी सांगून ठेवलं आहे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, पण ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकीच्या जागी पडला. अर्थ उलटला आणि त्या यज्ञातून जन्मलेला वृत्र इंद्राचा मारेकरी होण्याऐवजी इंद्रच वृत्राचा मारेकरी ठरला. पतंजलींनी महाभाष्यात व्याकरण का शिकावं हे सांगताना या कथेचा दाखला दिला आहे. वृत्र म्हणजे पाणी अडवून बसलेला महासर्प. ड्रॅगनवधाच्या जगभरच्या कथांचा अभ्यास करणारे त्याला त्याच कुळात धरतात. अक्षर चुकलं तर फळ मिळत नाही, ही कल्पना मंत्राच्या गाभ्यातली आहे. ड्रॅगन क्वेस्टने ती मुलांना तत्त्व म्हणून न सांगता अनुभवायला दिली. इतर गेममध्ये जादू बटण दाबून होते. इथे मूल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात मंत्र लिहीत होतं आणि तो खरोखर काम करत होता.

या मंत्राची मांडणी पडद्यावर पाच, सात, पाच आणि तीन अशा अक्षरगटांत दिसते. पहिले तीन गट म्हणजे थेट हायकूचा साचा. कवयित्री शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवल्यामुळे आपल्यालाही तो परका नाही. गंमत म्हणजे जपानी कवी बाशोचा बेडकाचा आणि जुन्या तळ्याचा जगप्रसिद्ध हायकू लिहून शेवटच्या तीन जागी पाण्याचा ‘बाशा’ हा आवाज भरला, तर गेम तो मंत्र म्हणून स्वीकारतो आणि खेळ सुरू होतो. जपानी चाहत्यांना हे सापडलं तेव्हा त्यांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करूनच मला बरं वाटतं.

संगीताकडे आलंच पाहिजे. कोइची सुगियामा तेव्हा ५५ वर्षांचे होते. टीव्हीवर दिग्दर्शन केलेले, लोकप्रिय गाण्यांना चाली दिलेले नामवंत संगीतकार. एनिक्सच्या शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, एका गेमसोबत आलेलं अभिप्रायाचं कार्ड त्यांनी भरून ठेवलं होतं. ते त्यांच्या पत्नीने टपालात टाकलं. एवढ्या मोठ्या माणसाचं कार्ड पाहून कंपनीचे लोक चकित झाले आणि तिथून हे नातं जुळलं. फॅमिकॉमच्या चिपमध्ये सुरांसाठी मुख्यतः तीनच वाटा होत्या. बाकी नुसती खरखर आणि ठोके. त्यातही तलवारीचा किंवा दाराचा आवाज आला की एखादी वाट तेवढ्यापुरती हिसकावली जायची. सुगियामांनी बाखच्या काळातल्या लेखनाची युक्ती वापरली : दोन स्वतंत्र सुरावटी अशा गुंफायच्या की न वाजलेले स्वरही कानाला भासावेत. राजाच्या किल्ल्याचं संगीत ऐका. दोनच धागे आहेत, तरी दरबार भरल्यासारखा वाटतो. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये हे संगीत वाद्यवृंदाने वाजवलं. गेमच्या संगीताच्या मैफिली आज जगभर होतात. त्यांच्या मुळाशी ही मैफल आहे.

सुगियामांच्या राजकीय भूमिका मला मान्य नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्कराच्या अत्याचारांबद्दल त्यांनी जाहीरपणे घेतलेली भूमिका अनेकांना दुखावणारी होती आणि ते सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक करणं बरोबर नाही. तरीही २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते ड्रॅगन क्वेस्टच्या सुरुवातीच्या संगीतावर. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालले ते याच संचलनात. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, सुगियामांचं निधन झालं.

गेमच्या शेवटी ड्रॅगनराज समोर येतो आणि लढण्याआधी एक प्रश्न विचारतो : माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. हो की नाही? मूळ जपानी आवृत्तीत ‘हो’ म्हटलं तर तोही एक पुनरुज्जीवनाचा मंत्र देतो. भोळ्या मुलाने तो वहीत उतरवायचा. दुसऱ्या दिवशी भरला की कळतं, नायक पहिल्या लेव्हलवर, रिकाम्या हाताने उभा आहे. आठवड्यांची मेहनत पाण्यात. राजाचा मंत्र आयुष्य परत देतो, शत्रूचा मंत्र ते हिरावतो, आणि दोन्ही मंत्र दिसायला सारखेच. ‘नाही’ म्हटलं तरच खरी लढाई सुरू होते, आणि माणसाच्या रूपात हरला की तो ड्रॅगन होतो. मोहाची एवढी नेमकी परीक्षा घेणारा दुसरा ड्रॅगन मला या क्षेत्रात माहीत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी आला. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी हटकलं. म्हणून सरकारने कायदा केला असं सांगतात, ते खरं नाही. पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी आणायचं कंपनीनेच ठरवलं. चौथा आला तो रविवारी. तिसऱ्या भागापासून कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि मंत्र लिहिण्याची गरज संपली. पण बॅटरीतली नोंद कधीकधी पुसली जाई, आणि तेव्हा गेम एक भेसूर सुरावट वाजवून तुमची नोंद गेली असं सांगे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात याच फॅमिकॉमच्या नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. त्या कॅसेटींमध्ये मारिओ होता, काँट्रा होता. ड्रॅगन क्वेस्ट मात्र जपानी मजकुराने भरलेला, वाचल्याशिवाय एक पाऊल पुढे न जाणारा. तो इथे रुजणं शक्यच नव्हतं. त्यामुळे आपल्या एका अख्ख्या पिढीने यंत्र तेच हाताळलं, पण हा मंत्र तिच्या वहीत कधी आला नाही.

पुढच्या भागात आपण ‘स्कायरिम’ या गेमकडे वळू. तिथे ड्रॅगनना स्वतःची भाषा आहे. त्याआधी वाचकांनी एवढं जरूर करावं : ड्रॅगन क्वेस्टच्या पहिल्या भागातलं किल्ल्याचं संगीत शोधून आधी फॅमिकॉमवरचं ऐका आणि मग वाद्यवृंदाचं. क्रम उलटा करू नका.