गुड, बॅड आणि अग्ली

जीस्ट्रीमर हे ध्वनी आणि चित्रफिती हाताळणारं मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा गाभा आटोपशीर. फाइल उलगडणं, कॅमेऱ्यातून चित्र घेणं ही खरी कामं प्लगइन करतात. पायाभूत 'बेस' संच सोडला, तर प्लगइनांच्या मुख्य संचांची नावं १९६६च्या गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटावरून आली: 'गुड', 'बॅड', 'अग्ली'. 'गुड'चा कोडही चांगला आणि परवानाही. 'अग्ली'चा कोड उत्तम, पण पेटंट किंवा परवान्यामुळे वाटपाला अडचण. 'बॅड' म्हणजे टाकाऊ नव्हे. चाचण्या, दस्तऐवज किंवा सांभाळणारा माणूस यांपैकी काहीतरी कमी. कोडची इतकी प्रामाणिक प्रतवारी क्वचितच दिसते.

पूर्वी प्रत्येक संचाच्या कोडचं भांडार वेगळं होतं. गाभ्यात बदल केला की चार ठिकाणी धावाधाव. २०२१मध्ये ही भांडारं एकत्र आली. कोडची बांधणी मेसॉन हे साधन करतं: संगणकावर कोणती लायब्ररी आहे ते तपासायचं, नसेल तर सहसा तेवढंच प्लगइन वगळून पुढे जायचं. एका प्लगइनपायी सगळं काम अडत नाही. नवी आवृत्ती निघते तेव्हा मात्र संचांचे गठ्ठे अजूनही वेगवेगळेच बाहेर पडतात.