शेजार आणि संवाद: हडपसर ते भिवंडी

मतभेद आणि ध्रुवीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालव्याच्या पाण्यावरून किंवा आरक्षणावरून माणसे कडाडून भांडतात. पण त्यांची एकमेकांशी उसनवार, भिशी, तालीम, एकाच पाळीतली नोकरी अशी दहा नाती असतात, म्हणून भांडण त्या मुद्द्यापुरते राहते. ध्रुवीकरणात ही नाती एकेक करून गळतात. शेवटी ‘आपला की त्यांचा’ एवढाच प्रश्न उरतो आणि समोरचा काय म्हणतो हे ऐकण्याआधीच त्याचे नाव, आडनाव, टोपी किंवा टिळा पाहून निकाल लागतो. अभ्यासक याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

हडपसर हे या विषयाचे चांगले आणि दुखरे उदाहरण आहे. एकेकाळच्या भाजीपाल्याच्या मळ्यांभोवती आधी कारखाने आले, मग औद्योगिक वसाहत, आणि या शतकात मगरपट्टा सिटी व फुरसुंगीकडची आयटी संकुले. मूळचे गावकरी, रामटेकडी-वैदूवाडीची कष्टकरी वस्ती, सोलापूर-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली मुले, उत्तरेकडचे कामगार असे सगळे काही किलोमीटरच्या परिघात राहतात. आषाढीच्या वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघून हडपसरला येतात आणि तिथून वाटा वेगळ्या होतात: माउली दिवे घाटाने सासवडला, तुकोबा लोणी काळभोरला. त्या दिवशी रस्त्यावर पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे हात कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारत नाही. लेखांत आणि भाषणांत सलोख्याचा पुरावा म्हणून हे दृश्य हटकून येते. ते खरे आहे, पण पुरावा म्हणून तोकडे आहे. दुपारी पालखी पुढे सरकली की ज्याचा तो आपापल्या गल्लीत परततो.

२०१४ च्या मे महिन्याअखेर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरली. पुण्यात दगडफेक, जाळपोळ, बंद झाले. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून खोलीवर परतणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. हल्ल्याला दाढी आणि टोपी एवढी ओळख पुरली.

एकाच रस्त्यावर राहूनही असे का होते, याचे एक उत्तर राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात दिले. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्या घेऊन त्यांनी दंगल होणारी आणि टळणारी शहरे ताडून पाहिली. शेजाऱ्यांचे येणेजाणे, सणाला फराळ, मुलांचे एकत्र खेळणे याने खेड्यात भागते. शहरात मात्र कोणी जाणूनबुजून आग लावायची ठरवली, तर हे संबंध फारसे टिकत नाहीत. टिकतात त्या दोन्ही समाजांचे लोक सभासद असलेल्या संस्था: कामगार संघटना, व्यापारी मंडळे, वाचनालये, पक्षांच्या शाखा. अशा संस्थेतल्या माणसाचे हितसंबंध शांततेत गुंतलेले असतात. अफवा आली की खरेखोटे कोणाला विचारायचे हेही त्याला माहीत असते, आणि रात्री अकरा वाजता त्या माणसाचा नंबर हाताशी असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातला याचा सर्वांत बोलका प्रयोग भिवंडीचा. यंत्रमागांचे हे गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झाले होते. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे लोक आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसत. विषय साधे असत: हद्दीतली किरकोळ भांडणे, तक्रारी, मिरवणुकीची वाट. सलोख्यावर व्याख्याने देण्यासाठी त्या समित्या नव्हत्या, आणि बहुधा म्हणूनच त्या चालल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने तिथले ९०० मृत्यू नोंदवले. भिवंडी त्या काळात शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

नुसते एकत्र येणे पुरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते सहकार्याने गाठावे लागावे आणि त्याला अधिकाऱ्यांचे किंवा कायद्याचे पाठबळ असावे. मालक आणि मोलकरीण रोज भेटतात, पण त्या भेटीत यातली पहिली अटच नसते. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांचे क्रिकेट सामने भरवून हेच तपासले. मिश्र संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली. केवळ विरुद्ध संघात दुसऱ्या जातीचे खेळाडू भेटले, तिथे ती घटली. ‘सामने भरवा, समाज जोडा’ म्हणणाऱ्यांनी संघांची यादी आधी पाहावी.

महाराष्ट्रात यापेक्षा जुनी आणि अधिक खडतर वाट चालून झालेली आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून तिथे उपोषण केले. त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव फिरले, लोकांना समजावत राहिले. अनेक ठिकाणी मंदिरे आणि विहिरी उपोषणापूर्वीच खुल्या झाल्या. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालवली. समतेवरचे भाषण टाळ्या घेते. पण कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, हा प्रश्न गावाला नाव घेऊन उत्तर द्यायला लावतो. आढावांची हमाल पंचायत (१९५५) हीही वार्ष्णेय म्हणतात तशी संस्था: हमालीचा दर आणि पाठीवरचे ओझे सगळ्या जातींच्या हमालांना सारखेच.

मोबाईलच्या पडद्यावर यातले फारसे काही होत नाही. अमेरिकेत ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना ट्विटरवर महिनाभर विरुद्ध मते वाचायला लावली. रिपब्लिकन वाचक आपल्या मतात आणखी कडक झाले. उलट डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांच्या २०१६ च्या मायामीतील अभ्यासात दारात उभे राहून केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याचा पूर्वग्रहावरचा परिणाम तीन महिन्यांनंतरही दिसला. तिथे वाद घातला गेला नव्हता. ‘तुम्हाला कधी वेगळे पाडले गेले होते का?’ अशा धर्तीवर समोरच्याचा अनुभव विचारला होता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे फॉरवर्डला फॉरवर्डनेच उत्तर मिळते.

संवादाला न्यायाची जोड लागते, कारण ज्याला दाद मिळत नाही तो बैठकीला येईनासा होतो. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि तत्कालीन राज्य सरकारने तो फेटाळला. हडपसरच्या त्या हत्येच्या खटल्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. घटनेला तेव्हा साडेआठ वर्षे झाली होती.