आधी ट्रॉली मोजा, मग कर्ज मागा

हल्ली गटाच्या बैठकीत घरदुरुस्तीसाठी कर्जाची मागणी बरीच येते. कुणाची भिंत फुगलेली, कुणाचे पत्रे गळतात, कुणाला मोरी बांधायची असते. समजा तीस हजार घेतले. शेकडा दोनने महिन्याला सहाशे रुपये व्याज सुरू झालं. आणि वाळूसाठी काम तीन महिने थांबलं, तर अठराशे रुपये नुसते बसून गेले. म्हणून कर्जाआधी हिशेब हवा.

आपल्या निफाड तालुक्यात गोदावरी आहे, कादवा आहे, तरी वाळू सहज मिळत नाही. नांदूरमधमेश्वरला पक्षी अभयारण्य आहे, तिथं उपसा चालत नाही. बाकी ठिकाणीही पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर, उपसा बंद असतो. त्यामुळे पर्याय उरतो क्रश सँडचा. ती चालते, पण तिच्या नावाखाली खडीची डस्ट गळ्यात पडू देऊ नका. प्लास्टरसाठी धुतलेली, बारीक क्रश सँड मागा.

आता माप. वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटात मोजा, तिन्ही आकडे गुणा आणि १०० ने भागा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट भरलेली ट्रॉली म्हणजे एक ब्रास. उंची दीडच फूट भरली, तर पाऊणच ब्रास आला. ओली वाळू फुगते, तेव्हा ती जास्त दिसते. प्लास्टरचा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा असतो. गवंड्याशी मजुरी ठरवताना हे दोन ब्रास एक समजू नका.

सळई वजनावर घ्या. आठ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण पावणेपाच किलो भरते, दहाची सात किलो चारशे ग्रॅम. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे, म्हणून पक्की पावती मागा. गोणीवरचा आठवडा आणि साल वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट कमजोर पडतं. गोण्या जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

वेळही सांभाळा. द्राक्षांचा पैसा हातात आला की एप्रिल-मेमध्ये सगळेच काम काढतात. तेव्हा गवंडी मिळत नाही, आणि प्लास्टरवर आठवडाभर मारायला पाणीही नसतं. पत्र्यांचं काम उन्हाळ्यात करा, भिंतीचं दिवाळीनंतर. पण बिगारी छाटणीला आणि कांदा लागवडीला जातात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रधानमंत्री आवास योजनेचे १,२०,००० रुपये नव्या घरकुलासाठी असतात, जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी नाहीत. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ज्यांचं घरकुल मंजूर आहे, त्यांनी ग्रामसेवक किंवा तलाठ्याकडे विचारावं. गाडीभाडं मात्र हिशेबात धरावं.

पुढच्या बैठकीला कर्ज मागणाऱ्या ताईंनी एक कागद आणावा: काय दुरुस्त करायचं, किती माल, तीन दुकानांचे भाव, मजुरी, आणि वर दहा टक्के राखीव. गल्लीत तिघींचं काम असेल, तर वाळू आणि सिमेंट एकत्र मागवा, भाडं वाटून जाईल. आणि ट्रॉली दारात आली की रिकामी करण्याआधी टेप लावा. टेप नसेल, तर गटासाठी एक घेऊन ठेवा.